जँगोच्या टेम्प्लेटमधून मेथडला आर्ग्युमेंट कसं द्यायचं?

जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क आणि टेम्प्लेट म्हणजे त्यातला पानाचा साचा. ग्राहकाप्रमाणे भाव काढणारी मेथड (फंक्शन) तुमच्या मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या टेबलासाठी लिहिलेल्या क्लासमध्ये आहे, टेम्प्लेटमधून तिला आर्ग्युमेंट म्हणून ग्राहक द्यायला कंस टाकला की ‘कुड नॉट पार्स द रिमेंडर’ अशी एरर येते. तुमची मेथड बरोबर आहे. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये असे कंस चालतच नाहीत. टिंबानंतरचं नाव जँगो आधी डिक्शनरीची की म्हणून शोधतं, मग अ‍ॅट्रिब्यूट, मग लिस्टचा इंडेक्स. सापडलेली गोष्ट कॉल करण्याजोगी असली तर स्वतःच कॉल करतं, पण आर्ग्युमेंट न देता. म्हणून नुसता सेल्फ (म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) घेणारी मेथड चालते, तुमची अडते.

मी हे काम व्ह्यूमध्येच, म्हणजे टेम्प्लेटला डेटा पुरवणाऱ्या फंक्शनमध्येच उरकतो. क्वेरीसेटची (डेटाबेसमधून मागवलेल्या ऑब्जेक्टच्या संचाची) लिस्ट करा, लूप फिरवा आणि प्रत्येक वस्तूवर ‘भाव’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट लावून त्यात मेथडचं उत्तर ठेवा. टेम्प्लेटमध्ये वस्तू, टिंब, भाव एवढंच लिहायचं. फिल्टर, ऑर्डर बाय जे काही असेल ते लूपच्या आधी लावा. नंतर क्वेरीसेटवर लावलंत तर नव्या क्वेरीतून नवे ऑब्जेक्ट येतात आणि लावलेला भाव गायब होतो.

हाच भाव पाच-सहा पानांवर लागणार असेल तर सिंपल टॅग, म्हणजे टेम्प्लेटमधून बोलावता येणारं स्वतःचं फंक्शन लिहा. त्याला हवी तितकी आर्ग्युमेंट देता येतात, टेम्प्लेट फिल्टरला (व्हॅल्यूपुढे उभी रेघ देऊन लावतात तो) मूळ व्हॅल्यूशिवाय एकच. असे टॅग ज्यात ठेवतात ते टेम्प्लेटटॅग्ज फोल्डर नवं असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करा, नाहीतर टॅग सापडणार नाही. जिंजा २ या दुसऱ्या टेम्प्लेट भाषेत कंस चालतात आणि जँगो १.८ पासून त्याची सोयही आहे, पण एका मेथडसाठी टेम्प्लेटची भाषा बदलू नये असं मला वाटतं.

आर्ग्युमेंट नसलेली मेथड सहज बोलावता येते, तिथेच जास्त जपा. आमच्या एका पानावर २०० ऑर्डरी होत्या आणि प्रत्येक ओळीत त्या ऑर्डरीतल्या वस्तू मोजणारी मेथड. पान फार रेंगाळायचं. पानामागच्या क्वेरी दाखवणारा डीबग टूलबार लावला तेव्हा २०१ क्वेरी दिसल्या: एक यादीची, बाकी मोजणीच्या. व्ह्यूमध्ये अ‍ॅनोटेटबरोबर काउंट वापरला, म्हणजे मोजणी यादीच्या क्वेरीतच करून घेतली, आणि एकच उरली.

डेटा बदलणाऱ्या मेथडचं तर फारच सांभाळा. सेव्ह आणि डिलीटवर जँगोनं ‘अल्टर्स डेटा’ (ही मेथड डेटा बदलते असं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) ट्रू केलेलं असतं, त्यामुळे टेम्प्लेटमधून त्या चालत नाहीत. तुम्ही लिहिलेल्या ‘ऑर्डर रद्द करा’ मेथडला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. कुणी टेम्प्लेटमध्ये तिचं नुसतं नाव लिहिलं, तरी पान उघडताच ऑर्डर रद्द होईल. मेथड संपली की लगेच खालच्या ओळीत तिचं ‘अल्टर्स डेटा’ ट्रू करून टाका.