पोटातल्या पिना आणि बिलातली कार्ट्रिजं

प्रश्न : डॉक्टर, माझ्या नणंदेचं (वय ४१) वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन ठरलंय. खर्चाच्या कागदावर 'स्टेपलर १, कार्ट्रिज ६' असं लिहिलंय आणि कार्ट्रिजचीच रक्कम बघून घरात वाद सुरू झालेत, मिस्टर म्हणतात उगाच आकडा फुगवलाय. सहा कशाला लागतात? आणि त्या पिना पोटातच राहणार म्हणे, मग गंजत नाहीत का? पुढे एमआरआय करायची वेळ आली तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मिस्टरांना सांगा, आकडा फुगवलेला दिसत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. तोंडातून १२-१३ मिलिमीटर जाडीची एक नळी आत सोडलेली असते, तिच्या कडेकडेने, जठराचं खालचं दार सोडून ४-६ सेंटिमीटरवरून सुरुवात करून वर अन्ननलिकेजवळपर्यंत कापत जायचं असतं. एक कार्ट्रिज (स्टेपलरमध्ये बसवायची पिनांची भरलेली पट्टी) ६० मिलिमीटरचं आणि एकदाच चालतं, म्हणजे पाच-सहा वेळा 'फायर' करावंच लागतं. प्रत्येक फायरला पिनांच्या सहा ओळी बसतात, मधून पातं जातं, म्हणजे दोन्ही कडांना तीन-तीन ओळी.

आता खरी गोम. सगळी कार्ट्रिजं सारखी नसतात. जठराची भिंत खाली जाड आणि वर पातळ, म्हणून थिएटरमध्ये 'ग्रीन द्या', 'आता ब्लू द्या' असं चालू असतं. एका नेहमीच्या सिरीजमध्ये हिरव्याची पिन मिटल्यावर २ मिलिमीटर उंच राहते, निळ्याची दीड (दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे, त्यामुळे रंग पाठ करून उपयोग नाही). जाड जागी छोटी पिन मारली तर ती नीट मिटतच नाही, पातळ जागी मोठी मारली तर रक्त झिरपत राहतं. स्टेपलरचा जबडा भिंतीवर मिटल्यावर सर्जन लगेच बटण दाबत नाही, पंधराएक सेकंद नुसता थांबतो, तेवढ्यात भिंतीतलं पाणी बाजूला सरकून ती चपटी होते. माझ्या मते महागड्या मशीनपेक्षा हे थांबणं जास्त मोलाचं आहे, तेव्हा स्टेपलरच्या कंपनीपेक्षा सर्जनने अशी किती ऑपरेशनं केलीत ते आधी विचारा.

पिना टायटॅनियमच्या, गंजत नाहीत, एमआरआय चालतो, फक्त आधी तिथे सांगायचं. ऑफिसच्या पिनेसारखी ती सपाट दुमडत नाही, इंग्रजी बी अक्षरासारखी वळते, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या दबून बंद पडत नाहीत आणि कड जिवंत राहते. ही आयडिया जुनीच आहे बरं का, १९०८ साली बुडापेस्टच्या ह्यूमेर हुल्टल यांनी जठरासाठीच पहिला स्टेपलर वापरला, साडेतीन किलोच्या वर वजन आणि जोडायलाच दोन तास!

धोका शून्य नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेकडे २०११ ते मार्च २०१८ या काळात स्टेपलर-पिनांबद्दल ४१ हजारांहून जास्त तक्रारी आल्या, त्यात ३६६ मृत्यूंच्या होत्या, आणि मग २०२१ मध्ये शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरचे नियम कडक केले. म्हणून वापरलेल्या कार्ट्रिजचे स्टिकर फाइलमध्ये लावून मागा, बिलातला आकडाही त्यावरूनच जुळवता येईल.

प्रश्न : स्लीव्हचं ऑपरेशन दुर्बिणीतून करतात म्हणजे तोंडातून ना? पोटावर भोकं कशाला पाडतात मग?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. वर सांगितलेला स्टेपलर पोटावरच्या १२ मिलिमीटरच्या भोकातून जातो. तोंडातून जी प्रोसिजर करतात त्यात जठर कापत नाहीत, आतून टाके घालून चुण्या पाडतात, वजन स्लीव्हइतकं उतरत नाही पण पोटावर एकही कट नसतो.

प्रश्न : (सांगलीच्याच ताई) घरी आणल्यावर लक्ष कशावर ठेवायचं?

उत्तर : नाडीवर. पिनांची ओळ सुटलीच तर बहुतेक वेळा वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ सुटते आणि ताप यायच्या आधीच नाडी पळायला लागते. नुसतं पडून असताना १२० च्या वर गेली, डावा खांदा दुखायला लागला, पोटात कळ आली किंवा धाप लागली तर गॅस झाला असेल म्हणून ओवा-सोडा देत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच घेऊन जा, सीटी स्कॅन करायचा का ते तेच ठरवतील.