घर बांधून देण्याआधी

प्रश्न : ताई, आईवडील लहानपणीच गेले आणि मला व माझ्या धाकट्या भावाला आत्यानं वाढवलं. गेल्या वर्षी भाऊ वारला. त्याची काही रक्कम माझ्याकडे आहे. तिच्यातून त्याच्या नावानं अनाथ मुलांसाठी एक घर बांधून द्यावं, असं फार वाटतं. माझ्या माहितीतली एक संस्था एका घरात आठ-नऊ मुलं आणि एक आई, अशा पद्धतीनं मुलं सांभाळते. त्यांचं म्हणणं, बांधकामापेक्षा दरमहा रक्कम देऊन पालकत्व घ्या. घरचे म्हणतात, एवढ्या पैशांत पन्नास मुलांचं वसतिगृह होईल, नऊ मुलांवर कशाला खर्च करायचा? काय करावं?

उत्तर : तुमच्या आत्यानं जे केलं, तशाच सांभाळातून हे सगळं काम उभं राहिलं आहे. हेर्मान ग्मायनर हा ऑस्ट्रियातला वैद्यकीचा विद्यार्थी. तो लहान असतानाच त्याची आई गेली आणि थोरल्या बहिणीनं भावंडांना वाढवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर निराधार झालेली मुलं पाहून १९४९ मध्ये त्यानं इम्स्ट या गावात पहिलं घर उभारायला घेतलं. एसओएस बालग्रामांची, म्हणजे एक आई आणि काही मुलं अशा घरांच्या गावांची, सुरुवात ती. त्याचा आग्रह चार गोष्टींचा होता : आई, भावंडं, घर आणि गाव. घर या यादीत तिसरं आहे. त्याच्याजवळ स्वतःचे ६०० शिलिंग होते आणि बाकीच्यासाठी त्यानं लोकांकडे महिन्याला एक शिलिंग मागितला. रक्कम थोडी, पण दर महिन्याला. एवढ्या वर्षांनीही त्या मागणीत मला फार शहाणपण दिसतं.

आता वसतिगृहाचं. अशा घरांतल्या आयांना शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आणि त्या निमित्तानं मोठी वसतिगृहंही आतून पाहिली. तिथली माणसं वाईट नसतात, पण ती पाळीनं येतात. सकाळी वेणी घालणारी एक, रात्री ताप बघणारी दुसरी, आणि पुढच्या महिन्यात दोघींच्याही जागी तिसरीच. कोणी पाहुणा आला की चिमुकली मुलं धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतात. देणगीदारांना वाटतं, किती लाघवी मुलं! मला ते बघून पोटात तुटतं. ज्याला हक्काचं माणूस आहे, ते मूल अनोळखी पाहुण्याला पाहून आधी आपल्या माणसाच्या मागे लपतं.

याचा अभ्यासही झाला आहे. रुमानियात बुखारेस्ट शहरातल्या संस्थांमधली १३६ लहान मुलं निवडून त्यांतल्या निम्म्यांना सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगली झाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की लहान मुलांना, विशेषतः तीन वर्षांखालच्यांना, कुटुंबातच ठेवावं. त्यामुळे पन्नास आणि नऊ हे आकडे शेजारी ठेवून हिशेब करू नका. घरच्यांना एवढंच विचारा : पन्नास मुलांपैकी एकाला रात्री वाईट स्वप्न पडलं, तर ते नेमकं कुणाला हाक मारेल?

पण छोटं घर बांधलं म्हणजे आपोआप कुटुंब होतं, असंही नाही. बांधकाम एकदाच होतं. आईचा पगार, तिचा आजार, तिची रजा, तिच्या म्हातारपणाची तरतूद हे खर्च थांबत नाहीत. कोनशिलेवर नाव कोरून मिळतं म्हणून इमारतीला देणगीदार सापडतात. आईच्या पगारावर कुणाचं नाव कोरता येत नाही. मग पगार अपुरा पडतो, बाई सोडून जाते आणि एकदा आई गमावलेली मुलं दुसऱ्यांदा आई गमावतात. हे मी पाहिलं आहे, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते.

तेव्हा त्या संस्थेत जाल तेव्हा रंग, खेळणी, संगणकाची खोली यांत फार वेळ घालवू नका. इथल्या आया सरासरी किती वर्षं टिकतात, ते विचारा. आई रजेवर गेली की येणारी मावशी मुलांच्या ओळखीचीच असते का? सख्खी भावंडं एकाच घरात ठेवता, की मुलगा मोठा झाला म्हणून त्याला दुसरीकडे पाठवता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी असते तर तिथूनच माघारी फिरले असते. तुम्ही आणि तुमचा भाऊ दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाढला असतात तर काय झालं असतं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल.

आणखी एक विचारा : किती मुलांची आई, वडील किंवा जवळचं कुणी हयात आहे? अनाथ म्हणताना दोन्ही पालक नसलेलं मूल आपल्या डोळ्यांपुढे येतं, पण युनिसेफच्या मोजणीत एक पालक गेलेलं मूलही अनाथच धरतात. निव्वळ गरिबीमुळे मुलाला घरातून काढू नये, असं ती मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट म्हणतात. तुमच्या आत्याला तेव्हा पैशांची ओढाताण असती आणि कुणी शेजारीच सुंदर बालगृह बांधलं असतं, तर कदाचित तिनं तुम्हा दोघांना तिथे सोडलं असतं. चांगली संस्था अशा आत्यांना आधी घरपोच मदत करते. ज्यांच्यासाठी खरोखर कुणी उरलेलं नाही, त्यांनाच आपल्याकडे आणते.

प्रश्न : एका मुलाचं पालकत्व घेतलं, तर त्याला भेटता येईल का? वाढदिवसाला काही पाठवता येईल का?

उत्तर : शक्य असेल तर एका मुलाऐवजी पूर्ण घराचं पालकत्व घ्या. एकाच छपराखाली एकाला नवी सायकल आली आणि आठ जण बघत राहिले, तर त्या आईची काय अवस्था होते, विचार करा. पत्र, भेटवस्तू, भेट हे सगळं संस्थेमार्फतच करा. मुलाचा पत्ता, शाळेचं नाव, फोटो बाहेर न देणारी संस्था आखडू नाही, ती जबाबदार आहे. कुणीही केव्हाही येऊन मुलांना फिरायला नेऊ शकतो, अशी संस्था मात्र टाळा.

आता तुमच्या भावाच्या रकमेबद्दल माझं मत. ती बांधकामात घालू नका. सुरक्षित ठेवीत ठेवा आणि व्याजातून एका घराच्या आईचा पगार व मावशीची रजेची सोय पाहा. सुरुवातीलाच किमान दहा वर्षांचं लेखी ठरवून घ्या. मध्येच बंद पडणारी मदत त्या घराला फार महाग पडते. थोडा भाग अठरा पूर्ण केलेल्या मुलांसाठी बाजूला काढा. वयानं सज्ञान झाल्या दिवशी त्यांना खोलीचं भाडं, शिक्षणाची फी आणि आजारपणात टेकायला एक जागा लागते. तिथवर पोचणारे देणगीदार थोडे. सुट्टीत ते मूल परत आलं तर त्याला झोपायला पलंग राखून ठेवता का, हेही संस्थेला विचारा, आणि ठेवत नसतील तर तुमच्या पैशांतून पहिल्यांदा तेच करायला सांगा.