पारसिकचा डोंगर कपाटाआड

प्रश्न : ऐरोलीत सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे. बेडरूम १० बाय ९ ची. त्यात सहा फुटी डबलबेड, सासूबाईंचं आरशाचं लोखंडी कपाट आणि माझं शिलाई मशीन. मुलगी पहिल्या बाळंतपणाला पौषात येणार आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, त्या खोलीत मला गुदमरतं गं. मी इथेच राहिले तर चालेल का?" तेव्हापासून मला चैन नाही. सुतार म्हणतो, फॉल्स सीलिंग करा, एक भिंत पूर्ण आरशाची करा, खोली दुप्पट वाटेल. करू का? माप आणि कागदावर काढलेला आराखडा सोबत जोडला आहे. छताला मुलीच्या पाळण्याची कडी अजून आहे, तीही त्यात दाखवली आहे. खिडकीतून पूर्वी पारसिकचा डोंगर दिसायचा, आता तिथे कपाट आलं. खोली फार लहान आहे, क्षमस्व.
— एक आजीबाई (होऊ घातलेल्या), ऐरोली

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे क्षमा कसली मागता? राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या दुसऱ्या खोलीला किमान ७.५ चौरस मीटर जागा सांगितली आहे. तुमची खोली ८.४ चौरस मीटर भरते. म्हणजे खोली नियमात बसते. नियमात बसत नाही ते आतलं सामान.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सुताराबद्दल चार ओळी, आरशाबद्दल दोन, आणि डोंगराबद्दल शेवटी जाता जाता एक वाक्य. माझ्या मते सगळं उत्तर त्या वाक्यात आहे. तुमच्या आराखड्यात पूर्वेच्या भिंतीवर मधोमध चार फुटांची खिडकी आहे, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट भिंत. कपाट तीन फूट रुंद. अडीच फुटांत तीन फुटी कपाट उभं केलं, की सहा इंच खिडकी गेली. शिवाय कपाट २० इंच खोल, त्यामुळे दारातून तिरकं पाहणाऱ्याला सहा इंचांहून बरीच जास्त खिडकी झाकलेली दिसते. तुमच्या लेकीचं गुदमरणं तिथून सुरू होतं.

आता एक काम करा. पत्नीच्या किंवा आईच्या नजरेने नाही, पाहुण्याच्या नजरेने दारात उभ्या राहा आणि पाचच सेकंद आत बघा. पहिल्यांदा काय दिसलं? तुमच्या आराखड्यावरून सांगते : उजवीकडे शिलाई मशीन, त्यावर उसवायला काढलेले कपडे (हे आराखड्यात नाही, पण असणारच), डावीकडे पलंगाचा कोपरा आणि दोघांच्या मधे एक फुटाची वाट. आडवं होऊन आत शिरायचं. सातव्या महिन्यातल्या बाईने आडवं कसं व्हायचं, ते मला सांगा.

खोली मोठी वाटते ती चौरस फुटांनी नाही. दारापासून समोरच्या खिडकीपर्यंत नजर आणि पाय दोन्ही न अडखळता गेले, की ९० चौरस फूटसुद्धा ऐसपैस वाटतात. अडखळले, की १५० फूटही कोंदट.

तेव्हा सुताराला आधी थोपवा. आठवड्याची रद्दी काढा. पलंग, कपाट, मशीन यांच्या मापाचे पेपर जोडून चिकटपट्टीने चिकटवा आणि बाहेरच्या खोलीत १० बाय ९ आखून त्यात मांडून बघा. गेली वीस वर्षं मी हे काम करते, तरी अजून गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या दिवशी जमिनीवर पेपरच अंथरते. कागदावरच्या रेघेला कोपर लागत नाही. जमिनीवरच्या पेपरावरून चालताना मात्र लगेच कळतं, कुठे अंग चोरावं लागतंय.

मी मांडून बघितलं. माझ्या हिशेबाने असं बसतं :

कपाट खिडकीकडून काढून दाराच्या भिंतीला, उत्तरेच्या कोपऱ्यात. दारातून आत बघताना ते दिसतच नाही, कारण ते तुमच्या डाव्या हाताला, दाराच्याच रेषेत असतं. कपाट आणि दार यांच्यामध्ये तीन फूट भिंत उरते. तिथे मशीन. झाकण मिटलं, की तेच बाळाचे कपडे घड्या करायचं टेबल. फक्त तुमचं दार दक्षिणेच्या भिंतीकडे उघडतं ना, ते आधी बघा. उलटं उघडत असेल तर बिजागऱ्यांची बाजू बदलून घ्या, सुताराचं एका सकाळचं काम.

पलंग मात्र बदलावा लागेल. सहा फुटी पलंग ठेवून कपाटाचं दार उघडायला २० इंच सोडले, तर खिडकीजवळ आठ इंच उरतात. तिथे ना झाडू जाईल ना पाय. पाच फुटी घ्या. उशी उत्तरेच्या भिंतीला आहे तशीच. मग कपाटापुढे २६ इंच मिळतात, खिडकीशी १४, आणि पायथ्याशी दारापासून खिडकीपर्यंत सरळ अडीच फुटांची वाट. (उत्तरेला डोकं म्हणून कोणी नाक मुरडेल. तुम्ही इतकी वर्षं तसंच झोपताय, मी त्यात पडत नाही.) नवा पलंग ऑर्डर देऊन करून घ्या किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एक चक्कर मारा, पण टेप घेऊन जा, कारण दुकानात 'पाच फुटी' म्हणतात ती गादी असते, बाहेरची चौकट दोन-तीन इंच जास्त भरते.

पलंगाला पाय असावेत, खालची फरशी दिसली की खोली मोठी वाटते, असं सगळे सांगतात. खरं आहे ते. पण गोधड्या, पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपतीचं मखर कुठे ठेवायचं ते कोणी सांगत नाही. मीही पूर्वी बॉक्सच्या पलंगाला तोंड वाकडं करायचे. आता करत नाही. बॉक्सच करा, फक्त त्याचा तळ चारही बाजूंनी चार इंच आत घ्यायला सांगा. खाली सावली पडते, पलंग जमिनीवरून उचलल्यासारखा दिसतो आणि पायाची बोटं आपटत नाहीत. प्लाय बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचाच मागा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, आपल्याकडच्या पावसाळ्यात कडेने फुगतो, मग त्याला काही इलाज नाही.

आता सुताराचा आरसा. नको. माझी स्वतःची गोष्ट सांगते. नौपाड्यातल्या आमच्या बेडरूममध्ये, नवीन नवीन असताना, मी हौसेने पलंगासमोर भिंतभर आरसा लावला. समोर काय येतं त्याचा विचारच नाही केला. समोर यायचा दारामागचा खुंटाळा. सकाळी डोळे उघडले, की नवऱ्याची बर्म्युडा दोनदा दिसायची. दीड वर्षाने आरसा काढला, त्याचे डाग भिंतीवर अजून आहेत. आरसा खोली दुप्पट करतो हे खरं, पण पसाराही दुप्पट करतो.

तुमच्याकडे तर फुकटचा आरसा आहे, सासूबाईंच्या कपाटाच्या दारावरचा! आज त्याचं तोंड पलंगाकडे आहे, म्हणून त्याला चादरच दिसते. कपाट सांगितलं त्या कोपऱ्यात गेलं, की त्याचं तोंड पूर्वेला, खिडकीकडे होतं. पलंगावर बसलेल्या लेकीला एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे आरशातला उजेड. पारा उडाला असेल तर काचवाल्याकडून तेवढी काच बदलून घ्या, कपाट बदलू नका. आणि त्याला तो तपकिरी रंग असेल तर भिंतीच्याच रंगाचा स्प्रे मारून घ्या. भिंतीत मिसळलेलं कपाट निम्मंच दिसतं.

फॉल्स सीलिंगलाही माझा नकार, आणि इथे मी जरा हट्टी आहे. साडेनऊ फुटांचं छत चार-सहा इंच खाली आणून खोली मोठी कशी वाटेल? पंखाही तेवढाच खाली येतो. आणि तुम्ही लिहिलंय, छताला, खिडकीच्या बाजूच्या दक्षिण कोपऱ्यात, लेकीच्या पाळण्याची कडी अजून आहे. तिच्यावर जिप्सम चढवणार? नव्या मांडणीत त्या कडीखालीच मोकळी जागा येते, पंख्याच्या पात्यांपासून चांगली लांब. फक्त इतक्या वर्षांत कडी गंजली असेल. खरवडून, मिस्त्रीला दाखवून, भरपूर वजन टांगून बघितल्याशिवाय बाळाला त्यात घालायचं नाही. शंका आली तर उभ्या स्टँडचा पाळणा घ्या, तोही तिथेच राहील.

उरलेलं भराभर सांगते. भिंती आणि छत एकाच रंगात, दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारखा पांढरा. निळसर पांढरा नको, कारण पूर्वेच्या खोलीत ऊन सकाळीच येऊन जातं आणि दुपारनंतर तो रंग दवाखान्यासारखा दिसतो. पाण्यातला इमल्शन लावा, आणि दसऱ्यानंतर लगेच, म्हणजे लेक येईपर्यंत वास राहणार नाही. पलंगाचं पॉलिशही तेव्हाच उरकून घ्या, त्याचा वास रंगापेक्षा चिवट. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीवर नाही, छताखाली चार बोटं सोडून, आणि खिडकीपेक्षा दोन्हीकडे फूटभर लांब. पडदा सारला की तो भिंतीवर जाऊन बसेल, काच पूर्ण मोकळी. साधा सुती, जमिनीपर्यंत. अर्ध्यावर लोंबणारा पडदा म्हणजे आखूड झालेली विजार.

पलंगावरची ट्यूबलाइट राहू द्या, पण रात्रीसाठी उशाशी भिंतीवर एक दिवा हवा, खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेला, पिवळसर. रात्री तीन वाजता बाळाला पाजताना ६५०० चा पांढरा झगझगाट लावला, की बाळ तर जागं होतंच, आजीही. बटण झोपल्या जागी हाताला लागेल असं.

आणि कपडे उसवायचे असतील ते आत्ताच उसवून टाका.

प्रश्न : घोडबंदर रोडला टॉवरमध्ये नवं घर घेतलं. सॅम्पल फ्लॅटमध्ये हीच बेडरूम प्रशस्त वाटली होती, ताबा घेतल्यावर पाहिली तर पलंग ठेवला की संपली. आम्हाला फसवलं का? आणि नवऱ्याला एक भिंत गडद निळी हवी आहे, मला भीती वाटते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माप करारनाम्याशी पडताळून बघा. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात, त्यामुळे कागदावरचा आकडा आणि पायाखालची फरशी यांत थोडा फरक पडतोच. बाकी, सॅम्पल फ्लॅटमध्ये मी नेहमी पर्समध्ये टेप नेते. एकदा एका ठिकाणी पलंग मोजला, पाच फूट आठ इंच लांब! त्यावर कोणी झोपणार नव्हतंच. कपाट दाखवायला एक फूट खोल, खोल्यांना दारं नाहीत, आणि भर दिवसा बावीस दिवे. तुमच्या घरात खरी माणसं, खरे हँगर. हँगरला दोन फूट खोल कपाट लागतंच.

निळ्याला घाबरू नका. गडद रंगाने खोली लहानच होते असं नाही. गडद भिंतीचे कोपरे नजरेला नीट सापडत नाहीत, त्यामुळे ती मागे सरकल्यासारखी वाटते. पण ती भिंत उशाची असावी, आणि एकच. खिडकीची भिंत गडद केली तर बाहेरच्या उजेडाशी तिचा विरोध होऊन डोळ्यांवर ताण येतो. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा रंगवून तीन दिवस बघा, सकाळी, संध्याकाळी आणि दिवे लावून. चौथ्या दिवशी यजमान स्वतःच बेत बदलण्याची शक्यता बरीच आहे, पण ते माझ्याकडून ऐकलं असं सांगू नका.

प्रश्न : वर्तकनगरला आमच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. तिथे वॉलपेपर किंवा पीव्हीसीचं पॅनेल लावलं तर खोली छान दिसेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दिसेल, पुढच्या पावसापर्यंत. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती आधी भिजतात. ओल बाहेरून येतेय, आणि तुम्ही आतून झाकण लावताय. पॅनेलमागे बुरशी निवांत वाढेल आणि वास तुमच्या गादीला लागेल. बाहेरची भेग, छज्जा आणि वरच्या मजल्याचा पाइप सोसायटीकडून बघून घ्या, भिंत दोन महिने उघडी वाळू द्या, मगच रंग. कपाट त्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं हवा राहू द्या. आणि आत्ता कपाट सरकवाल तेव्हा मागे काय दिसतं त्याचा फोटो काढून ठेवा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उपयोगी पडेल.