अमेरिकेत राज्याच्या रिन्युएबल कायद्याचं टार्गेट, म्हणजे विकलेल्या विजेचा ठरलेला टक्का सौर-पवनसारख्या स्रोतांचा असण्याची अट, वीज कंपनी नुसते सर्टिफिकेट विकत घेऊन पूर्ण करू शकते का?

हो, बऱ्याच राज्यांत करू शकते, पण किती प्रमाणात ते राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे. सौर, पवन वगैरे प्रकल्पातून ग्रिडमध्ये 1 मेगावॅट-तास वीज गेली की एक सर्टिफिकेट तयार होतं, त्याला आरईसी (रिन्युएबल एनर्जी सर्टिफिकेट) म्हणतात, आणि ते विजेपासून वेगळं काढून विकता येतं, म्हणजे वीज घेणारा एक आणि "ही वीज हरित होती" हा हक्क घेणारा दुसराच. कंपनीने वर्षाअखेरीस विकलेल्या युनिटच्या ठरलेल्या टक्क्याइतके सर्टिफिकेट जमा केले की कायद्याच्या हिशोबात काम झालं. हे असं ठेवलं कारण तारेतून आलेली वीज कुठल्या पवनचक्कीची हे ओळखताच येत नाही, मोजायला कागदच लागतो. कमी पडले तर मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सीसारख्या ठिकाणी प्रति मेगावॅट-तास ठरलेली रक्कम भरावी लागते, त्यामुळे सर्टिफिकेटचा भाव सहसा त्याच्या वर जात नाही.

पण कॅलिफोर्नियात एवढं सोपं नाही. तिथे 2018 च्या एसबी 100 कायद्याने 2030 पर्यंत 60 टक्के टार्गेट आहे आणि विजेपासून सुटे केलेले सर्टिफिकेट 2017 पासून त्या टार्गेटच्या साधारण 10 टक्क्यांपर्यंतच चालतात, बाकी बहुतेक वीज खरोखर तिथल्या ग्रिडला पोचवावी लागते, आणि माझ्या मते हेच बरोबर आहे, नाहीतर स्थानिक कोळसा-गॅस तसाच जळत राहतो. म्हणून कुठल्याही राज्याचा फक्त टक्का बघू नका, सुट्या सर्टिफिकेटवर मर्यादा आहे का तेही बघा.