ऑफिसची इमारत बांधताना कार्बन उत्सर्जन कमी करायचं तर सुरुवात कुठून करावी?

उन्हापासून. एसी कुठला घ्यायचा ते नंतर. आपल्याकडे ऑफिसच्या वीजबिलात मोठा वाटा थंडाव्याचा असतो, आणि पश्चिमेकडची पूर्ण काचेची भिंत दुपारनंतर इमारतीचा तवा करते. लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला ठेवा, खिडक्यांना बाहेरून छज्जे द्या. आतले पडदे फारसे कामाचे नाहीत. ऊन काचेतून आत आलं की बरीचशी उष्णता आतच राहते.

मग यंत्रणा. इन्फोसिसने हैदराबादला २०११ च्या सुमारास एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले: एकात नेहमीचा एसी, दुसऱ्यात स्लॅबमध्येच पाइप टाकून थंड पाणी फिरवलं. पाण्याच्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे ३४ टक्के कमी वीज लागली. पाणी हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे एसीची हवा ढकलणाऱ्या पंख्यांची वीज वाचते. ताजी हवा आणि दमटपणा यांची सोय मात्र वेगळी करावी लागते, नाहीतर थंड छतावर हवेतली वाफ जमून पाणी सुटतं. मुंबई-कोकणात तर हे आधी बघा.

सोलर शेवटी, आधी विजेची गरज उतरवली की पॅनेलही कमी लागतात. आर्किटेक्टकडे एनर्जी मॉडेलिंग (इमारतीला किती वीज लागेल याचा संगणकावर काढलेला अंदाज) पहिल्याच बैठकीत मागा, नकाशे मंजूर झाल्यावर इमारतीची दिशा बदलता येत नाही.