लिम्फॅटिक ड्रेनेज मसाजनं वजन उतरतं का? पार्लरचं पॅकेज घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका पार्लरनं दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, त्यानं टॉक्सिन निघून वजन उतरतं म्हणतात, तर घ्यावं का.

लिम्फ म्हणजे अंगात झिरपलेलं आणि बारीक नळ्यांवाटे परत रक्तात जाणारं पाणी, ते पुढं सरकवायचा हा मसाज. त्यानं वजन उतरत नाही. टॉक्सिन काढायला लिव्हर आणि किडनी आहेत, त्या पॅकेज न घेता काम करतात. मसाजनंतर चेहऱ्याची सूज जरा कमी दिसते, अंग हलकं वाटतं, झोप बरी लागते. एवढ्यासाठी पैसे घालायचे असतील तर घाला, तुमचे पैसे.

पण या मसाजचं नाव पार्लरच्या बोर्डावर वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण आमच्या घरात यावरून महाभारत झालंय. आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. २०१६ साली सासूबाईंचं उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लिम्फच्या गाठीही काढल्या. त्या काढल्या की त्या बाजूच्या हातातलं लिम्फ अडून हात सुजू शकतो. घरी सोडताना त्या हाताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कागद सगळे कन्नड नाहीतर इंग्रजीत, आणि सासूबाईंना वाचता येतं ते फक्त मराठी. दोन वर्षांनी नागपंचमीला कासार आला, तर डाव्या हातात अडीचच्या बांगड्या गेल्या आणि उजव्यात पावणेतीनच्याही अडकल्या. मनगटाच्या वर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा.

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी लगेच गावातली बाळंतिणींना चोळणारी बाई आणली. तिळाचं तेल कडकडीत तापवून तिनं कोपरापासून बोटांपर्यंत असा काही हात रगडला की सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, राहू द्या. तर जाऊबाई म्हणतात, "जोर लावल्याशिवाय सूज उतरतीय होय? तुला सेवा करायला नको, तेवढं बोल." चौथ्या दिवशी हात लालबुंद, हुडहुडी भरून ताप. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत जंतूंचा संसर्ग. पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक.

त्यानंतर बेळगावात एक फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या, हुबळीकडच्या. त्यांनी मला समोर बसवून लिम्फचा खरा मसाज शिकवला. माझा हात जरा जड पडला की म्हणायच्या, "सावकाश री, सावकाश." हा शब्द कन्नड-मराठी दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे माझी सुटका नव्हती. लिम्फच्या बारीक नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात. म्हणून कातडी जेमतेम ताणली जाईल एवढाच भार द्यायचा, हात घसरू द्यायचा नाही. तेल तर नाहीच. ही पद्धत डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या नवरा-बायकोनं १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली, सर्दीच्या रोग्यांच्या मानेतल्या सुजलेल्या गाठींवरून. तेही हळूच हात फिरवत होते.

आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून नाही! आधी मान आणि गळ्याखालच्या हाडांच्या वरचा खळगा, कारण सगळं लिम्फ शेवटी तिथंच शिरेत उतरतं. मग चांगल्या बाजूची काख, मग छाती, मग दंड, आणि सगळ्यात शेवटी पंजा. पहिल्या दिवशी जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "सूज हाताला आन् ही मान कुरवाळायलीय!" मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "खालच्या खाचराचा बांध फोडल्याशिवाय वरच्याचं पाणी कुठं जाणार ग?" चाळीस वर्षं भातलावणी केलेली बाई. मला जे शिकायला दोन बैठका लागल्या ते तिला एका वाक्यात कळलं.

खरं सांगायचं तर नुसत्या मसाजनं फारसं काही झालं नसतं. मसाजनंतर थरावर थर देऊन घट्ट पट्टी बांधायची आणि ती बांधूनच हाताचा व्यायाम करायचा, मुख्य काम त्या पट्टीचं. कातडी कोरडी पडू द्यायची नाही, काटा टोचला तरी लगेच धुवायचं. मी हे सगळं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. शिंप्याच्या टेपनं दर रविवारी माप घ्यायची: मनगटापासून दहा सेंटिमीटरवर दोन्ही हातांत साडेचार सेंटिमीटरचा फरक होता, तो तीन महिन्यांत दीडवर आला. पूर्ण गेला नाही, जाणारही नाही. अजून दिवसभर हाताला दाब देणारी घट्ट बाही घालावी लागते आणि बीपी डाव्या हातावरच बघायला लावतो.

तेव्हा तुमच्यात कुणाच्या काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी काढल्या असतील आणि हात-पाय सुजला असेल, तर शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा, पार्लरकडे नको. हां, आणि हे राहिलंच: हार्ट किंवा किडनीचा त्रास, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, ताप, लाल गरम कातडी, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. एकाच पायाला अचानक सूज आली तरी आधी डॉक्टर. मी काही डॉक्टर नाही, सून आहे.

परवाच्या लग्नात जाऊबाई कुणाला तरी सांगत होत्या की सासूबाईंचा हात त्यांच्या तेलानं उतरला. जाऊबाई, हे तुमच्यापर्यंत पोचेलच. तुमची ती तिळाच्या तेलाची बाटली अजून आमच्या फडताळात आहे, पाऊण भरलेली. घेऊन जा.