मागची रिकामी जागा आणि 35 हजारांची सूट

प्रश्न: आम्ही दोघं व्हर्जिनियात हर्नडनला भाड्याने राहतो. ॲशबर्नमध्ये एक टाउनहाउस पसंत पडलं आहे. मागणी 7 लाख 85 हजार डॉलरची होती, साडेसात लाखांवर करार झालाय. मागे इंडस्ट्रियल पार्क झोनमधली झाडीची रिकामी जागा आहे, म्हणून ही सूट. एजंट म्हणतो, काउंटीने नियम बदललेत, तिथे आता डेटा सेंटर होत नाही. डाउन पेमेंटचे 20 टक्के तयार आहेत. पाच-सहा वर्षांनी पुण्याला परतायचं आहे. घर घ्यावं का?

उत्तर: एजंटचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ॲशबर्न लाउडन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येतं. 18 मार्च 2025 ला तिच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे निवडून आलेल्या मंडळाने, डेटा सेंटरची ‘बाय-राइट’ मुभा काढून घेतली. त्याआधी अशा झोनमध्ये मालकाने नियमात बसणारा साइट प्लॅन दिला की सुनावणी नाही, मतदान नाही, काम सुरू. आता स्पेशल एक्सेप्शन, म्हणजे त्या जागेपुरती खास परवानगी लागते. अर्ज आधी प्लॅनिंग कमिशनपुढे जातो, मग बोर्डापुढे, आणि जाहीर सुनावणीनंतर मत पडतं. म्हणजे दारावर पहारा बसलाय, दार बंद झालेलं नाही. शिवाय जुन्या मंजुरीच्या भरवशावर मालकाने बराच खर्च करून ठेवला असेल, तर व्हर्जिनियाच्या कायद्याने त्याचा हक्क नव्या नियमामुळे जात नाही. त्यामुळे बातमीत काय आलं यापेक्षा त्या एका तुकड्याच्या फायलीत काय आहे, ते महत्त्वाचं.

आधी पैशाचं बघू. सहा लाखांचं कर्ज, साडेसहा टक्के, 30 वर्षं धरली तर मुद्दल-व्याजाचा हप्ता सुमारे 3,792 डॉलर. पाच वर्षांनी 5 लाख 62 हजारांच्या आसपास कर्ज उरेल. तोवर मागे डेटा सेंटरची भिंत उभी राहिली आणि घर तुमच्या खरेदीपेक्षा 10 टक्के कमी भावात, म्हणजे 6 लाख 75 हजारांना गेलं, विक्रीखर्च 6 टक्के धरला, तर हातात साधारण 73 हजार येतात. घातले होते दीड लाख, वर पाच वर्षांचे हप्ते. 35 हजारांची सूट इथे पुरत नाही. आणि मागे काहीच झालं नाही तरी पुढचा गिऱ्हाईकही तीच झाडी दाखवून तुमच्याकडे तेवढीच सूट मागेल. म्हणून ही सूट नफा म्हणून मोजू नका. पुढे द्यायचे पैसे आज हातात आलेत, एवढंच.

विकणाऱ्याने काही लपवलं असं नंतर म्हणता येईल, ही आशाही ठेवू नका. व्हर्जिनियाच्या डिस्क्लोजर फॉर्मवर तुम्ही सही करता तेव्हा, शेजारच्या जमिनीचं झोनिंग आणि तिथे चालणारे वापर याबद्दल मालक काहीही सांगत नाही, हे तुम्ही मान्य केलेलं असतं. तपास घेणाऱ्यानेच करायचा.

तो तपास एका संध्याकाळचा आहे. काउंटीच्या ‘वेबलॉगिस’ नकाशावर मागच्या तुकड्यावर क्लिक करून त्याचा पार्सल नंबर उतरवून घ्या. तो ‘लोला’ या अर्जांच्या प्रणालीत टाका. ‘एसटीपीएल’ दिसलं तर साइट प्लॅन दाखल आहे. ‘स्पेक्स’ म्हणजे स्पेशल एक्सेप्शनचा अर्ज, ‘झेडमॅप’ म्हणजे झोन बदलण्याचा. साइट प्लॅन असेल तर नकाशाची पानं उघडा. इमारतीच्या एका अंगाला ओळीने छोटे चौकोन असतील तर ते बहुधा डिझेल जनरेटर. ते तुमच्या कुंपणाकडे तोंड करून आहेत की रस्त्याकडे, यावर तुमच्या बेडरूमची शांतता ठरेल. जनरेटर वीज गेल्यावरच लागतात हे खरं, पण चाचणीसाठी ते नियमित चालवावे लागतात, आणि थंड करणाऱ्या यंत्रांची घरघर चोवीस तास असते. उंची आणि हद्दीपासूनचं अंतरही तिथेच लिहिलेलं असतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांना मंजुरी काउंटी देत नाही, रिचमंडचं स्टेट कॉर्पोरेशन कमिशन देतं. त्यासाठी वेगळं शोधा.

मंजुरी झाली म्हणजे पक्कं, असंही समजू नका. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीने डिसेंबर 2023 मध्ये ‘डिजिटल गेटवे’ या मोठ्या डेटा सेंटर प्रकल्पाला दिवसभराहून लांबलेल्या सुनावणीनंतर मंजुरी दिली. सुनावणीच्या जाहिराती नियमाप्रमाणे नव्हत्या म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने ती रद्द ठरवली.

मालमत्ता कराचं थोडक्यात: 2025 चा दर घराच्या किमतीतल्या दर 100 डॉलरला 80.5 सेंट, म्हणजे तुमच्या घराला वर्षाला सुमारे 6,040. हा दर खाली राहिलाय तो डेटा सेंटरांच्या यंत्रसामग्रीवरच्या करामुळे. उत्पन्न आटून दर 10 सेंटने चढला तर वर्षाला 750 जादा. हे सोसेल.

माझं मत असं: डेटा सेंटरचा साइट प्लॅन दाखल असेल तर 35 हजारांच्या सवलतीवर हे घर घेऊ नका. पाच वर्षं हा फार कमी काळ आहे, पडलेला भाव सावरायला वेळच मिळणार नाही. एकही अर्ज नसेल आणि हप्ता, कर आणि एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) वर्गणी मिळून तुमच्या भाड्याच्या फार वर जात नसेल, तर घ्या. मात्र झाडी कायम राहील असं धरू नका, तिथे दुसरं औद्योगिक बांधकाम होऊ शकतं.

वेळ थोडा आहे. एचओएचं रिसेल सर्टिफिकेट, म्हणजे विक्रीवेळी सोसायटी देते ती माहितीची कागदपत्रं, हातात आल्यावर, करारात वेगळी मुदत नसेल तर, 3 दिवसांत करार बिनदंड मोडता येतो. ते सर्टिफिकेट ईमेलने आलं असेल तर कोणत्या तारखेला आलं, ते आजच बघा.